दाराला लावलेला पाट

आमच्या बिल्डिंगचा जिना धुराने भरायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत. हे सांगितलं की ऐकणारे हसतात, म्हातारीला काय एकेक सुचतं म्हणतात. हसू देत. माझ्या तरुणपणी मला कोणी हे सांगितलं असतं तर मीही हसले असते आणि वर त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

रहाटणीतली आमची बिल्डिंग बुटकी आहे. खाली पार्किंग, वर तीन मजले, लिफ्ट नाही. मी पहिल्या मजल्यावर. तिसऱ्यावर माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच वर्षी इथे राहायला आलो, एकाच भाजीवालीशी भांडलो, आणि दोघींचे नवरे एकाच कंपनीच्या बसने कामाला जायचे. आता दोघेही नाहीत. तिचा मुलगा हिंजवडीला उंच टॉवरमध्ये राहतो. आईला ये म्हणतो, आई जात नाही. मध्यंतरी ती न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण जिना कायमचा सुटला. घरात वॉकर घेऊन टकटक करत फिरायची. दिवसा एक बाई कामाला यायची, ती दुपार कलली की जायची. त्यानंतर ही एकटी.

“मी आता हा जिना उतरणार ती चौघांच्या खांद्यावरूनच,” ती म्हणायची.

“मग दोन घास कमी खा,” मी म्हणायचे. “त्या चौघांचा विचार कोणी करायचा?”

तिच्या पायांचं आधी सांगून ठेवलं, कारण पुढचं सगळं त्या पायांपाशीच येऊन अडतं.

आता थोडं एका बाईविषयी. ती बाई म्हणजे मी, पस्तिशीतली. ह्यांच्या कंपनीत सुरक्षा सप्ताह असायचा आणि त्यात कामगारांच्या बायकांसाठी घोषवाक्यांची स्पर्धा. आगीवर घोषवाक्य लिहून या बाईने पहिलं बक्षीस मिळवलं, झाकणाचा स्टीलचा डबा. घोषवाक्य काय होतं ते विचारू नका. ‘आग’ला ‘जाग’ जुळवलं होतं, एवढ्यावरून ओळखा. त्या डब्यानंतर ती स्वतःला आगीतली तज्ज्ञ समजायला लागली. सोसायटीने पार्किंगच्या भिंतीला आग विझवायचा लाल सिलिंडर टांगला, तर तो उघडाबोडका दिसतो म्हणून हिने त्याला क्रोशाचं झाकण विणलं. पांढरंशुभ्र, खाली झालर. तेव्हा टीव्हीला झाकण, मिक्सरला झाकण, फोनला झाकण. बिचाऱ्या सिलिंडरनेच काय पाप केलं होतं? झाकणामुळे त्याचा काटा दिसेना आणि खटका हाताला लागेना, पण शेजारच्या बायका डिझाइन मागून घेऊन गेल्या. बाई महिनाभर हवेत. आग लागली तर धूर कुठे जाईल, असं तिला कोणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, डोळ्यांत.

माझी नात आगीचंच काम करते. विझवायचं नाही, तपासायचं. चाकणकडच्या शेडी, गोदामं, बैठी ऑफिसं, दोन-तीन मजली इमारती बघत फिरते. आग लागली तर घंटा वाजेल का, नळीला पाणी येईल का, धूर छतातून बाहेर पडेल की माणसांच्या छातीत शिरेल, हे बघायचं आणि रिपोर्ट द्यायचा. एका शेडमध्ये म्हणे धूर ओळखणाऱ्या छतावरच्या सगळ्या डब्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या होत्या. वास्तुशांतीच्या होमाने घंटा वाजू नये म्हणून बांधल्या, त्या सोडायच्या राहिल्या. होमाला दोन दिवाळ्या उलटून गेल्या होत्या.

गुरुवारी तिला सुट्टी असते, तेव्हा ती माझ्याकडे जेवायला येते. एकदा जेवण झाल्यावर मी म्हटलं, “जगाच्या शेडी बघत हिंडतेस, कधी आजीचा जिना बघ की.”

“बघितला ना आजी, तर तुला झोप लागणार नाही.”

“तशीही कुठे लागते? चल.”

ती खाली उतरली आणि पहिल्या पायरीपाशीच थांबली. जिन्याच्या पहिल्या पायरीलगतच विजेच्या मीटरचं कपाट आहे. त्याच्या शेजारी प्लगची पट्टी आणि त्या पट्टीला विजेवरच्या स्कूटर चार्जिंगला लावलेल्या, म्हशी गोठ्यात बांधतात तशा ओळीने. प्लग तिथे आहे म्हणून स्कूटर तिथे, एवढंच कारण. मग तिने सिलिंडर बघितला. माझं झाकण केव्हाच विरून गेलं होतं, पण झाकणाची परंपरा चालू होती. खंडेनवमीला आमचे चेअरमन पाण्याची मोटर, गाड्या, जिना पुसायची बादली, सगळ्यांना हळदकुंकू वाहतात. सिलिंडरलाही झेंडूची माळ घालतात. गेल्या खंडेनवमीची माळ अजून होती, वाळून काळी पडलेली. ती घसरू नये म्हणून तिची तार खटक्याच्या पिनीत ओवून पीळ घालून घट्ट केली होती.

चेअरमन म्हणजे या जमिनीचे मूळ शेतकरी. मनाने फार मोठा माणूस, माझ्या ह्यांना दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. नातीने त्यांना बोलावलं.

“काका, आग लागली तर ही पिन ओढायची असते.”

“तार म्याच बांधली हाय. माळ पडत व्हती.”

“आणि आता ओढणार कशी?”

“देवाला बांधल्यालं कोण ओढतंय, पोरी?”

तिने पक्कड मागून तार कापली. काटा तांबड्यात होता. सिलिंडर आतून मेलेला होता, कधीचा कोण जाणे.

मग आम्ही जिना चढलो. प्रत्येक वळणावर सिमेंटची जाळी आहे, बांधणाऱ्याने हवेसाठी ठेवलेली. त्या जाळ्यांवर आतून फायबरचे पत्रे ठोकलेत. कबुतरं! जिनाभर त्यांची घाण, आणि वरच्या माझ्या मैत्रिणीला त्यांच्यापायी खोकला धरलेला. डॉक्टर म्हणाले कबुतरं हटवा, म्हणून साऱ्या बिल्डिंगने एकमताने पत्रे ठोकले. आमच्या सोसायटीत एकमत झालेलं ते तेवढंच. गच्चीच्या दाराला कुलूप, म्हणजे बाहेरची माणसं वर जाऊन बसत नाहीत. किल्ली चेअरमनकडे. आणि प्रत्येक घराचं दार सताड उघडं, पुढे फक्त गजांचा सेफ्टी दरवाजा. दिवसा दार लावून घेणारं घर आमच्याकडे माजलेलं समजतात. दिवेलागणीला तर लावायचंच नाही, लक्ष्मी यायची वेळ.

तिसऱ्या मजल्यावर नातीने तो बंद पत्रा ठोकून बघितला, मग वरच्या कुलपाकडे बोट केलं.

“हा जिना नाही, आजी. धुराडं आहे. वरून बूच मारलेलं.”

मला पटेना. तशी मी हट्टी. दाखव म्हटलं. तिच्या ऑफिसात धूर सोडायचं यंत्र आहे, पण ते असं घरगुती कामाला देत नाहीत. “यंत्र कशाला?” मी म्हटलं. “तुझ्या बापाला आणि तुला ज्या शेगडीवर धुरी दिली ती आहे माझ्याकडे.”

तर पुढच्या गुरुवारी पार्किंगमध्ये, स्कूटर बाजूला सारून, मीटरच्या कपाटापासून लांब, शेगडी ठेवली. निखारे फुलवले. ओवा, वेखंड, धूप, लसणाची सालं, बाळंतघराचा सगळा सरंजाम. खाली नात आणि पाण्याची बादली घेतलेले चेअरमन. मी आधीच वर जाऊन मैत्रिणीकडे बसले. तिने वरण-भाताचा कुकर लावला होता. ती दारासमोर खुर्चीत, आणि वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला नेहमीसारखा लाकडी पाट लावलेला. सासरचा, पितळी फुल्यांचा, चांगला जड.

पहिली शिट्टी झाली. वास आला.

“अगं, कोणाकडे बाळंतीण आहे का?” तिने विचारलं.

मी हसत सुटले. आणि हसता हसता बघितलं. जिन्याच्या तोंडाशी, छताला चिकटून धूर आला होता. वर जायला वाट नाही म्हटल्यावर तो वळला, दुमडला आणि खाली उतरायला लागला. गज ओलांडून उंबऱ्यातून आत आला, पाहुण्यासारखा, अगदी सावकाश. पाटावरून सरकत तिच्या पायांपाशी गेला. ती खोकायला लागली. दुसरी शिट्टी त्यानंतर झाली.

नात तोंडाला ओला रुमाल धरून वर आली. गॅलरीचं दार उघडून मैत्रिणीला तिथे नेलं. मग मला हळूच म्हणाली, “हा गरीब धूर आहे, आजी. थंड आणि सुवासिक. खरा असा दमादमाने जिना चढत नाही. आणि खोकायला वेळ देत नाही.”

त्यानंतर बोलणी झाली. बोलणी आमच्याकडे नेहमीच होतात. “आपली बिल्डिंग बुटकी हाय,” चेअरमन म्हणाले. “ते समदं कायद्याचं उंच बिल्डिंगींना. पण पोरगी म्हणती तर करू. जाळ्यांला कबुतराची नेट बसवू, मग पत्रं काढू. दिवाळीनंतर.” स्कूटर हलवायला दुसरीकडे प्लग नाही, तेही दिवाळीनंतर. सिलिंडर मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी भरायला पाठवला. पत्रे आत्ताच काढायला सगळ्यात जास्त विरोध कोणाचा? माझ्या मैत्रिणीचा. “धूर येईल तेव्हा येईल, कबुतरं रोज येतात,” ती म्हणाली.

“मग निदान संध्याकाळी दार लावून घेत जा,” नात म्हणाली. “लाकडी दार बंद असलं तर धूर बराच वेळ बाहेर राहतो. फटीला ओला टॉवेल लावायचा आणि गॅलरीत जाऊन बसायचं. जिन्यात पाऊल टाकायचं नाही.”

“दिवेलागणीला दार लावू? मी? तू लाव तुझं.”

शेवटी मी मैत्रिणीशी सौदा केला. दार उघडं ठेव, पण मी खालून जिन्याच्या कठड्यावर बत्ता आपटला की पाट ढकलायचा, दार लावायचं आणि गॅलरीत जाऊन स्टीलचं ताट वाजवायचं, म्हणजे मला कळेल. कठड्याचा लोखंडी पाइप खालपासून वरपर्यंत एकच आहे, आवाज चांगला जातो. आम्ही तालीमही केली. मी बत्ता हाणला. पाट निघेना. तिने काठीने ढोसला, वॉकरने ढकलला, शेवटी पाटाला शिव्या दिल्या तेव्हा तो सरकला. ताट वाजलं तोवर माझा चहा उतू गेला होता.

“तोवर मेली असतीस,” मी वर ओरडले.

“तू चहा पीत बसली असतीस!” वरून आलं.

पितृपंधरवडा चालू होता. दिवेलागण. मी देवापाशी दिवा लावत होते, दार उघडंच, कारण सौदा काय माझ्यासाठी नव्हता. खालून फट्‌ असा आवाज आला. मग तेलात मोहरी तडतडावी तसा, पण मोठा. जळक्या प्लॅस्टिकचा वास, त्यात काहीतरी गोडसर. मी दारात गेले. धुरीचा धूर छताला धरून सावकाश आला होता. हा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरून, पायऱ्या गिळत वर येत होता.

“मेन पाडा! आधी मेन पाडा!” खालून चेअरमन ओरडत होते.

“सिलिंडर कुठंय?” दुसरं कोणीतरी.

सिलिंडर भरायला गेलेला. खिळ्यावर नुसती वाळकी माळ.

मी बत्ता घेतला आणि कठड्यावर हाणत सुटले. हात बधिर होईपर्यंत. वर बघितलं तर दुसरा मजला दिसेना, तिथे काही होतं असंही वाटेना. दुसऱ्या मजल्यावरचे दोन्ही घरचे कामावरून परतलेले नव्हते, ते एक बरं. पण तिसऱ्यावरून काही आवाज नाही. मी पायरीवर पाय ठेवला. नात काय म्हणाली होती ते ठाऊक असून ठेवला. दुसरी पायरी चढले आणि श्वासच मिळेना. कोणी उशी तोंडावर दाबावी तसं झालं. मी मागे फिरले. घरात येऊन दार लावलं, टॉवेल भिजवून फटीत कोंबला आणि गॅलरीत गेले.

माझ्या गॅलरीला बाहेर काढलेली लोखंडी जाळी आहे, तीत कुंड्या. डोकं बाहेर निघत नाही, वरचा मजला दिसत नाही. रस्त्यावर माणसं जमली होती आणि सगळी वर बघत होती. माझ्याकडे नाही, माझ्याही वर. ती काय बघतात ते मला दिसेना. गाड्यांचे हॉर्न, आरडाओरडा, तो तडतडाट. ताट काही वाजेना. डोळ्यांपुढे नुसता तो पाट यायला लागला, पितळी फुल्यांचा, जागचा न हलणारा. मी तिला हाका मारल्या. जाळीतल्या कुंड्या लाथेने पाडल्या, की तिला आवाज जावा.

मग टण्ण. एकदा. थोडं थांबून पुन्हा. आणि मग सुरूच झालं, रागारागाने, थांबेचना.

“बास की गं आता!” मी ओरडले आणि तिथेच खाली बसले.

चौकातल्या गर्दीतून वाट काढत बंब आला. स्कूटर विझवली. शिडी लावून बाहेरून जिन्याची सिमेंटची जाळी फोडली, आतला पत्रा लांब आकड्याने ओढला, तसा तुंबलेला काळा धूर भसाभस बाहेर पडला, कोणीतरी दार उघडायची वाटच बघत असल्यासारखा. चेअरमन खाली उभे राहून ते बघत होते. गच्चीची किल्ली त्यांच्या हातात तशीच होती. ती घेऊन वर जाणार कोण?

जिना निवल्यावर जवानांनी मैत्रिणीला खुर्चीत बसवून खाली आणलं. तोंडाला ओला पंचा, केसांवर काजळी. माझ्या दारापाशी आल्यावर तिने पंचा बाजूला केला.

“चौघंच आहेत बघ,” ती म्हणाली.

मला हसू आलं नाही. फार वर्षांनी असं झालं असेल.

दुसऱ्या दिवशी मी नातीबरोबर वर गेले. दुसऱ्या मजल्यापासून भिंती चुलीच्या मागच्या भिंतीसारख्या. तिच्या दाराची बाहेरची बाजू काळी, आतली पांढरी, आणि खालच्या फटीतून आत आलेल्या काजळीचा एक पंखा फरशीवर उमटलेला. सेफ्टी दरवाजा उघडा, आणि पाट बाहेर जिन्यात उताणा पडला होता. कसा ढकलला तिचं तिला माहीत. विचारलं तर म्हणाली, “शिव्या दिल्या.”

मुलगा तिला हिंजवडीला घेऊन गेला. यावेळी तिने वाद घातला नाही. जिन्यातल्या जाळ्या आता उघड्या आहेत, नेट अजून यायचीच आहे, आणि कबुतरं दुप्पट झालीत. स्कूटर पुन्हा तिथेच चार्जिंगला असतात. प्लग तिथेच आहे ना. संध्याकाळी सगळ्यांची दारं सताड उघडी. मी तेवढी माझं लावून घेते. परवा चेअरमन म्हणाले, “आजी, लक्ष्मी रुसंल.”

“तिला बेल वाजवायला सांगा,” मी म्हटलं.

मैत्रीण रोज दिवेलागणीला फोन करते. टॉवरमध्ये किती मजले आहेत ते ती सांगत नाही, खाली बघितलं की गरगरतं एवढंच सांगते. काल म्हणाली, “इथे जिन्याला लोखंडी दार आहे, जाडजूड. आपोआप लागतं. माणूस गेलं की धाड, आलं की धाड. माझं काळीज हलतं गं. मग बाईला सांगून अडकवूनच टाकलं.”

“कशाने?”

“पाटाने. आपल्याच. मुलगा टाकून देत होता, मी म्हटलं सासूबाईंचा आहे. घासून घेतला, काळं निघालं सगळं.”

असली दारं धूर अडवायलाच असतात, नात सांगते.

“पाट काढ,” मी म्हटलं.

“काढते. उद्या बाई आली की.”

“आत्ता काढ. मी फोन धरून बसते.”

“तू म्हणजे ना,” ती पुटपुटली. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. वॉकरची टकटक सुरू झाली, लांब गेली, आणखी लांब गेली. इथे खाली कोणीतरी कामावरून आलं आणि स्कूटर स्टँडवर चढवली. तिकडे टकटक थांबली. मी फोन कानाला घट्ट लावून त्या दाराची धाड ऐकायला बसले. धाड काही येईना.